मानस

आमच्या चोडणात मानस म्हणजे मन नव्हे.
खाजनाच्या बांधाला बसवलेलं लाकडी दार,
मांडवीची भरती आली की आपोआप मिटणारं,
ओहोटीला उघडणारं.
ते मी सांभाळते. सात वर्षं झाली.

आधी फोंडू सांभाळायचा, माझा भाऊ.
कुवेतला जाताना
कंदील, जाळं आणि रबरी बूट ठेवून गेला.
बूट दोन नंबर मोठे.
पहिल्या वर्षी पुढे चिंध्या कोंबून घातले,
मग एका शुक्रवारी म्हापशाहून
माझ्या मापाचे आणले.
आई म्हणाली, म्हणजे तू आता हेच करणार?

पणजीच्या स्टुडिओत माझा फोटो काढला.
अबोलीचा गजरा, काकीची साडी.
हात मागे घे, फोटोवाला म्हणाला.
आईनेच त्याला खुणावलं होतं.
खाऱ्या पाण्याने फाटलेले, कालवांनी चिरलेले,
डाव्या अंगठ्यावर कुर्लीने घेतलेला चावा.
फोटो छान आला.
सावर्ड्याला गेला, माशेलला गेला,
एकदा तर बेळगावला.
बिनहातांची मी
माझ्याआधी किती गावं फिरून आली.

माशेलची माणसं घरी आली.
शिरा आवडला त्यांना.
मुलाच्या आत्याने विचारलं,
रात्रीची कुठे जाते म्हणे ही?
मी म्हटलं, पाण्याला रात्र कळत नाही,
रोज पाऊण तास उशिरा येतं,
मीही तशी उशिरा जाते.
सुटेल सवय लग्नानंतर, आत्या म्हणाली.
आई हसली. मी बशा उचलल्या,
तेव्हा तिने माझे हात पाहिले.

नकार तेराव्या दिवशी आला,
आईला तेही अपशकुनी वाटलं.
मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू?
त्या रात्री फळ्या चढवताना थोडी रडले.
मग जाळ्यात शेवटे आले, इतके,
की डोळे पुसायला हात उरला नाही.

कोमुनिदादीच्या लिलावात यंदाही
बोली माझीच राहिली.
कारकुनाने वहीत लिहिलं: फोंडूची बहीण.
मी हलले नाही.
मागून इनासिना म्हणाली, सोड गो,
पैसे भरलेस ना, नाव कुणाचं का असेना.
मी म्हटलं, खोडा.
त्याने खोडलं. काय लिहू?
सात वर्षं फेरीत रोज दिसणारा माणूस,
आणि त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

जयवंती, मी म्हटलं.
शेवटची वेलांटी दुसरी.

आता पावणेदोन वाजलेत.
ओहोटी साडेतीनला लागेल.
आई भिंतीकडे तोंड करून
झोपल्यासारखी पडली आहे.
बूट दाराशी नाहीत.
कंदील घेऊन शोधले,
तर चुलीपाशी, उबेला,
कुणीतरी पालथे घालून ठेवलेत.