एकच गुडघा

घरातले पाच कोन मोजून आणा, म्हणालात, अगाय.
मी एकच आणलाय,
एकोणतीस वेळा मोजलेला.

बाकीच्यांनी दारं मोजली, खिडक्या मोजल्या,
सगळ्यांचे नव्वद.
अस्काटच्या दाराचे त्र्याण्णव
(त्यांचं घर खचतंय, हे वर्गाला तेव्हाच कळलं).

आमच्याकडे चोंग-आता आहेत.
पानगळीत घोड्यावरून पडले,
नारीनच्या दवाखान्यात दहा आठवडे प्लास्टर,
आणि प्लास्टरमधून निघाला तो पाय नव्हता,
कुंपणाचा खांब होता.

मध्यबिंदू म्हणून गुडघ्याच्या वाटीशेजारी
शाईचा ठिपका दिला. कातडीवर शाई पसरते.
कोनमापक माझ्या तळहाताएवढा, पाय केवढा!
म्हणून एका भुजेला काम्चा लावला,
त्यांचाच, लाकडी मुठीचा चाबूक,
दुसऱ्या भुजेला आईची विणायची सुई,
आणि एक डोळा मिटून वाचलं:
एकशे बासष्ट. विशालकोन.

"एकशे बासष्ट!" चोंग-आता खूश.
"पडलेल्या माणसाला एवढे?"

मंगळवारी दवाखान्यातली राखात आली.
तिचं कोनमापक पोलादी, लांब हातांचं.
ती म्हणाली, अठरा.

"अठरा? सकाळी तर एकशे बासष्ट होते!
मधले कुणी नेले?"

रात्री दिव्याखाली मी त्यांना दाखवलं,
आकड्यांच्या दोन ओळी असतात,
एक डावीकडून चढते, एक उजवीकडून.
ताठ पायाला राखात शून्य म्हणते,
आपली शाळा एकशे ऐंशी.
पाय तोच.

"मग खरं कोण बोलतं?"
शून्य कुठे मांडलंय त्यावर आहे, मी म्हटलं.
वर्गात मला हे कळलं नव्हतं, अगाय.
त्यांना सांगता सांगता कळलं.

तरी त्यांना माझाच आकडा आवडायचा, मोठा म्हणून.
आणि माझाच उतरत गेला.
एकशे चोपन्न.
एकशे सत्तेचाळीस.
एकशे सत्तेचाळीस.
एकशे सत्तेचाळीस.
एकशे एक्केचाळीस.
रोज कळपातली एक मेंढी कमी भरावी
तसं तोंड करून ते ऐकायचे,
आणि टॉवेल टाचेत अडकवून
दात-ओठ खात पुन्हा ओढायचे.

एकशे वीस ते एकशे दहा
माझ्या कोनमापकावर नाहीतच.
मागच्या हिवाळ्यात मी ते शेगडीवर विसरले,
तिथलं प्लास्टिक दुधासारखं झालंय.
पाय नेमका तिथेच अडकला.
सुजला. चोंग-आता भिंतीकडे तोंड करून झोपायचे,
ठिपका पुसून टाकायचे.
त्या दिवसांपुढे वहीत लिहिलंय: माहीत नाही.
नऊ वेळा.
त्याचे गुण कापलेत तरी चालेल.

मग एका सकाळी सुई त्या धुक्यातून बाहेर आली,
एकशे आठवर.
मी दोनदा वाचलं. आतल्या ओळीवरही वाचलं.
बहात्तर. राखातच्या भाषेत.

काटकोन मात्र मी पाहिला नाही.
परवा बर्फ भुसभुशीत झालं होतं,
मी शाळेतून आले तर तबेल्याचं दार उघडं,
आणि ते खोगिरावर,
दुखरा पाय रिकिबीत, ओठ पांढरे.
मी कोनमापक घेऊन बाजूने धावले.
पण घोडा एका जागी राहीना,
आणि भुजेला लावायला काम्चा नव्हता,
तो त्यांच्या हातात होता.

म्हणून शेवटचा आकडा अंदाजाने लिहिलाय, अगाय.
पेन्सिलीने.