चार हजारापाशी

वाळूजच्या शेडमध्ये माझ्या टेबलावर येतो
विमानाच्या पंख्याभोवती बसणारा पत्रा,
रव्याच्या चाळणीसारखा.
भिंगाखाली मी शोधते
डिंकानं बुजलेलं भोक.
बुजलं की मागची खोली वाया,
आवाज आत शिरतच नाही.

काकडे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं:
पात्यांनी कापलेली हवा
मागच्या थिर पट्ट्यांवर आपटते, तीच शीळ.
पट्ट्या किती ठेवायच्या याचंही गणित असतं,
अर्धी शीळ तिथंच मरते.
उरलेली आपल्याकडे.
भोकातून आत, पोळ्याच्या घरात,
तळाला लागून माघारी,
आणि दारात तिला भेटते नवी येणारी,
नेमकी उलट्या पावलांची.
दोघी एकमेकींना पुसून टाकतात.
म्हणून खोली म्हणजे खोली, मॅडम हसल्या,
दोन सेंटीमीटर, केसभरही कमी नको.

मंगळवारी चाचणीचा कागद आला.
रेघ नीट चालत येते
आणि चार हजारापाशी
विहिरीत पडल्यासारखी खाली.
पेढे वाटले. मीही खाल्ला.

तो खड्डा मी आधी पाहिला होता.
घाटीच्या खिडकीतून मिळालेल्या
मन्मथअप्पांच्या कागदावर,
तिथंच, चार हजारापाशी.
शंभर टनी प्रेसवर एकवीस वर्षं,
कानात कापसाचा बोळा.
तो कागद आईनं
रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय.

नापास तुकडा गेटपास करून घरी आणला.
अप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला,
उजेडासमोर धरला, फुंकर मारली.
"काय भरतेत गं यात?"
एवढ्या मोठ्यानं, की शेजारचं कुत्रं उठलं.
मी बोटांनी सांगितलं, काही नाही,
रिकामंच ठेवतात.

बराच वेळ ते उलटसुलट करत राहिले.
"मंग आमच्या प्रेसला
का नाही बसिवलं हे?"

चिकलठाण्याला आमची गल्ली
धावपट्टीच्या नाकासमोर.
संध्याकाळचं विमान पत्रे हलवत आलं.
आई बोलता बोलता थांबली,
किराणावाल्याचा हिशोब थांबला,
मीही तोंड उघडून थांबले, जणू सांगणारच होते.

अप्पांना विमान दिसलं नाही,
ते बोलतच राहिले.
ओठ हलताना दिसत होते,
अंगठा एका बुजलेल्या भोकावर.