पत्र्यावरचं उरलेलं

टँकरमधून येतं तेव्हा इमल्शन चॉकलेटी असतं,
दुधात काळा गूळ कालवल्यासारखं.
बोटाला लागलं की तासाभरात काळं पडतं,
मग रॉकेलशिवाय निघत नाही.

परभणीत जिंतूर रोडला आमची प्रयोगशाळा,
म्हणजे दोन खोल्या नि एक ओव्हन.
पन्नास ग्रॅम मोजून घ्यायचं,
काचेच्या कांडीसकट वजन लिहायचं,
एकशे त्रेसष्ट अंशांवर दोन तास.
मग ढवळायचं. मग आणखी एक तास.
पाणी जातं. कुठं जातं
ते तक्त्यात विचारलेलं नाही.
उरतं त्याला म्हणायचं अवशेष.
शंभरात पासष्ट भरला पाहिजे.

मग सुई.
शंभर ग्रॅमचा भार, पाच सेकंद, पंचवीस अंशांचं पाणी.
मुंजाजीकाका सुई सोडताना श्वास धरायचे,
लेकराच्या टाचेतला काटा काढावा तसे.
"ऐंशी," म्हणायचे. "ब्याऐंशी. एक्क्याऐंशी."
मी लिहायचो.
तीस वर्षं त्यांनी डांबरच टोचलं,
आणि एकदा, फक्त एकदाच, एका कार्यकारी अभियंत्याला.

मग ओढायचं.
इंग्रजी आठासारख्या साच्यातला तुकडा
मिनिटाला पाच सेंटिमीटर, दोन बाजूंना.
कंबर बारीक होत जाते, सुतळी, दोरा, केस,
पाण्यात दिसेनासा होतो
तरी तुटलेला नसतो.
"आता बोलू नको," काका म्हणायचे,
जसं काही शब्दाच्या वाऱ्यानंही तुटेल.

मानवतकडच्या रस्त्याचा नमुना
सगळ्यात पास झाला होता.
रस्ता मात्र महिन्यात सुटला,
खडी टायरांना चिकटून गावोगाव गेली.
ठेकेदार म्हणाला खडीत धूळ,
खडीवाला म्हणाला डांबर,
डांबरवाल्यानं आमचा कागद काढला.
सही काकांची.

काका दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी गोडेतेलाचे डबे कापून आणले,
चौदा पत्रे, कडा दगडानं ठेचलेल्या.
"रस्त्यावर कोण ओव्हन लावतंय रे?
कामून भाजायचं त्याला तीन तास?"
नखाएवढा थर, ब्रशनं.
गच्चीवर ओळीनं मांडले पत्रे, मे महिन्यात.
दुपारी पत्र्याला थर्मामीटर लावला, एकसष्ट.

शेजारच्या गच्चीवरून नसीमबी ओरडली,
"काय करायलेत वर? कुरडया घातल्या का?"
"हाव," काका म्हणाले, "काळ्या."

दोन दिवसांनी सुरीनं खरवडलं.
चौदा पत्र्यांचं मिळून
जेमतेम एक डबी भरली.
सुई सोडली.
काकांनी आकडा सांगितला नाही,
मला बाजूला करून पुन्हा वाचायला लावला.

ओव्हनमधलं एक्क्याऐंशी.
उन्हातलं एकशे चौतीस.
तेच टँकर, तोच नमुना, तीच सुई.
हद्द साठ ते एकशे वीस.

सोनटक्के मॅडमनी कागद नीट वाचला.
म्हणाल्या, "ही पद्धत मानकात नाही, काका."
खोटं नव्हतं ते.
म्हणाल्या, "पत्र्याचा जाड-बारीकपणा कुणी मोजला?"
तेही बरोबर.
कागद परत करताना
स्वतःच्या डायरीच्या शेवटच्या पानावर
त्यांनी काहीतरी उतरवून घेतलं.
मी पाहिलं नाही असं दाखवलं.

अहवाल तोच राहिला.
काकांनी शेऱ्याच्या रकान्यात
पेन्सिलीनं १३४ लिहिलं होतं,
वरून नक्कल काढताना ते उमटलं नाही.

काका आता पाथरीला असतात, लेकीकडं.
फोनवर पहिलं विचारतात ऊन किती.
मी दर वैशाखात चौदा पत्रे मांडतो,
हल्ली थर मोजूनच देतो.
वही तिसरी चालू आहे, कुणी मागितलेली नाही.

नसीमबी म्हातारी झाली, जिना चढते तरी.
परवा तिची नात दोन पत्रे घेऊन गेली.
त्यावर कुरडया वाळत होत्या.
मी काही बोललो नाही.
नवे पत्रे होते, अजून ब्रश लागला नव्हता त्यांना.