द्वंद्व-कारकुनाची नोंद

वाद: मिठागरावरच्या सौरपत्र्याची साडेतीन हात सावली.
भरती: दुपारी चार बावीस.
शस्त्र नाही. ऐरोलीच्या चिखलात
समोरासमोर उभं राहायचं,
आधी पाय उचलेल तो हरला.

जोमा तांडेल, वय एकाहत्तर.
हर्षाली कडू, चोवीस, एक गुडघा धातूचा.
मी छापील प्रश्न विचारला: माघार?
दोघांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

घोट्याला पाणी. पोटरीला.
एक रोहित पक्षी जोमाच्या मांडीशी
चोच बुडवून, काही न सापडून, पुढे गेला.
कमरेला आलं तेव्हा म्हातारा म्हणाला,
"पोरी, तुजा गुरघा गंजंल."
"तुमचा दमा बगा, आजा."
हा अपमान की काय, फॉर्मात रकाना नाही.

छातीला पाणी. आता
उचलू म्हटलं तरी पाय उचलेनात.
एकमेकांचे दंड धरून उभे,
आणि हाका मात्र मला.

होडी नेली, दोर टाकला.
आधी कुणाचा पाय निघाला, बेलापूरचे साहेब विचारतात.
माझा चश्मा ओला होता, साहेब.

कागदाला अजून गाळाचा वास येतो.
सावली म्हणाल तर
ती संध्याकाळी तशीही पूर्वेला सरकते,
भोईरांच्या अंगणात,
ज्यांनी अर्जच केलेला नाही.