सत्तेचाळीस नंबर

मोफिजला मूतखड्यानं इब्राच्या इस्पितळात नेलं.
पिकअपमध्ये दुमडून बसता बसता तो एवढंच म्हणाला,
सत्तेचाळीस नंबरकडे बघ.

मी पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर.
बिदियाच्या पुढे, जिथं डांबर वाळूखाली जातं,
तिथला हौद आठवड्यातून तीनदा भरायचा,
सही घ्यायची, निघायचं.
शेळ्या बघणं माझ्या करारात नाही.

तरी बघितलं.
कळपापासून लांब, घाफाच्या बुंध्याशी ती बसलेली.
(घाफ म्हणजे आपली शमीच,
फक्त दसऱ्याला हिच्याकडे कुणी येत नाही.)
पोट दोन्ही अंगांना भरल्या पखालीसारखं,
घोटे सुजलेले,
लसूणघासाची पेंढी पुढ्यात तशीच बांधलेली.
आणि दात खात होती. करकर. करकर.

म्हसवडला वैजूला फोन लावला. तिकडे साडेतीन.
तिनं आधी विचारलं, तू बरा आहेस ना?
मग म्हणाली, फोन शेळीकडे धर.
शेपटीच्या दोन्ही बाजूंना चाचप. शीर ताठ आहे?
आहे.
मग वेळ आहे अजून. तोंडाचा वास घे.
मी वाकलो. उतरलेल्या केळ्यासारखा, गोड.
सांगितलं, तर ती गप्प झाली.
मागं तिच्या गोठ्यातलं कुणीतरी खाकरलं.
दोन असतील, नाहीतर तीन, ती म्हणाली,
आतून आईला खातायत. गूळ पाज.

गूळ कुठला इथं.

उम्म राशिद बॅटरी घेऊन आली,
नाकावर चकाकता बुरखा, पायात मुलाच्या चपला.
शेळीचा श्वास तिनंही हुंगला आणि काही न बोलता परत गेली.
आली ती खजुराच्या काकवीची बाटली घेऊन.
बोट बुडवून आधी स्वतः चाटलं,
मग माझ्याकडे बघून म्हणाली, माय.

तीन वर्षं हा शब्द मी दारोदार पोचवतोय.
माय म्हणजे पाणी.
हॉर्न, नळी, पावती, माय.
पण रात्री दोनला, गाभण शेळीच्या उशाशी,
तो आमच्याकडचा ऐकू आला
आणि मला उठायला जरा वेळ लागला.

गालाच्या कडेनं सोड, वैजू सांगत होती,
घाई केलीस तर छातीत जाईल.
मग पोटाखाली गोणपाट घालून
एका बाजूनं म्हातारी, एका बाजूनं मी,
तिला उभी केली. चार पावलं. पुन्हा चार.
म्हातारी तिच्याशी अरबीत बोलत होती,
वैजू फोनमधून मराठीत,
आणि शेळी दोघींकडे कान फिरवत होती.

उजव्या कुशीला हात लावून बसलो.
एक लाथ.
मग इतका वेळ काहीच नाही
की मी माझाच श्वास धरल्याचं मला उशिरा कळलं.
मग दुसरी, जरा वरच्या अंगाला.
दुसरं पिल्लू, मी म्हणालो.
तेच असेल, वैजू म्हणाली. किंवा नसेल.
तिला धारा काढायच्या होत्या. फोन ठेवला.

उम्म राशिदनं थर्मासातली कॉफी दिली,
स्वतःच्या पोटाला हात लावला, बोटं मोजली.
नऊपर्यंत गेली,
मग त्यातली दोन मिटली.
मी काय बोलणार? कप पुढे केला.
तिनं पुन्हा भरला.

आता उजाडतंय. वाळू आधी राखाडी, मग कसलीच नाही.
डॉक्टर आठला येणार म्हणतात.
सुपरवायझरचे सहा मिसकॉल,
तीन हौद माझी वाट बघत कोरडे.
घाफाचा एक डहाळा मी तिच्यापुढे धरून बसलोय,
हात भरून आला, तरी खाली घेतला नाही.

आत्ता काहीतरी वाजलं.
पुन्हा दात असतील म्हणून कान नेला.
करकर नव्हती.
एक पान. सावकाश. एकाच बाजूनं.

मोफिजचा मेसेज आलाय: व्याली?
लिहिलं, अजून नाही.
मग खाली आणखी लिहिलं, बघतोय.