चौथा पाय

झोपाळा आम्ही स्योबर्गांकडून आणला.
चाळीस डॉलर, आणि खोलून तुम्हीच न्यायचा.
त्यांची मुलं कधीच मोठी झाली,
थोरला आता मालगाडी चालवतो.
नटबोल्ट कॉफीच्या डब्यात घालून दिले होते,
घरी येऊन मोजले तर दोन कमी.

टोईवो म्हणाला होता, जमीन वितळू दे,
मग चारही पायांखाली सिमेंट घालतो.
जमीन वितळली मे महिन्यात.
टोईवो तोवर जहाजावर,
पोटभर गहू घेऊन सरोवरांमागून सरोवरं उतरत,
आता डिसेंबरपर्यंत येऊन-जाऊन.
सिमेंटची गोणी शेडमध्ये आहे.
तिचा दगड झालाय.

लेंपी सहा वर्षांची.
ती झोपाळ्यावर बसत नाही, स्वार होते.
पाय पुढे, डोकं मागे, वेण्या गवत झाडत जातात,
आणि ती वर पोचली
की मागचा डावा पाय जमीन सोडतो.
फार नाही, चार बोटं.
मग धप्प.
पुन्हा चार बोटं, पुन्हा धप्प.

शेजारचे कौरानेन आजोबा कुंपणापलीकडून म्हणतात,
"त्याला पाया नाही."
"माहीत आहे," मी म्हणते.

म्हणून रोज जेवणं झाली की मी त्या पायावर बसते.
खालची आडवी दांडी, वर जुनी उशी, आणि मी.
फेब्रुवारीत नर्सने मला काट्यावर उभं केलं होतं,
आकडा लिहिताना तिने ओठ मुडपले,
जिना चढा म्हणाली, लोणी सोडा म्हणाली.
तो सगळा आकडा आत्ता इथे कामाला लागलाय.

धाकट्या एस्कोला उंची नकोच.
बादलीसारख्या खुर्चीतून तो माझ्याकडे येतो
आणि मी त्याचे रबरी बूट धरायचे.
"हे कुणाचे?"
"माझे."
सोडायचं. जातो, येतो.
"हे कुणाचे?"
"कौरानेनचे!"
आणि इतका हसतो की खुर्ची वाकडी फिरते.

दहा वाजत आले तरी उजेड हलत नाही.
डास मात्र वेळेवर आले.
खाली बंदरात कुठलंतरी जहाज भोंगा देतं,
दोघंही मान वळवतात,
मीही, उगाच. त्याचं जहाज परवा निघालंय.

एस्कोचा एक बूट उडाला,
थेट बटाट्याच्या वाफ्यात.
मी उठले. दोनच पावलं,
आणि मागे लोखंड कण्हलं.
वळून पाहते तो पाय हवेत,
चार बोटं नाही, चांगला वीतभर,
आणि वर, बर्चच्या शेंड्याशी,
लेंपी एकदम गप्प.

धप्प.

मी धावत येऊन बसले. हातात बूट,
बुटात माती, छातीत कसलंतरी धडधडणं.
रागवायला तोंड उघडलं.

"आई," ती म्हणाली, वेग न तोडता,
"आख्खा झोपाळा निघाला होता गं."
एक फेरी गेली. दुसरी गेली.
"आई, तू ऊठ ना.
एकदाच."

कौरानेन आजोबांनी पाण्याची नळी बंद केली.
एस्को अनवाणी पाय पुढे करून बसलाय,
कुणाचे, ते मी विचारायची वाट बघत.

मी दांडीला घट्ट धरते
आणि अर्धी उठते.