मुदतीचा कायदा

गणपती पेठेत, हळदीच्या पोत्यांच्या पलीकडे
मगदूमांचं पुस्तकांचं दुकान.
"नवी आवृत्तीच घ्या वहिनी,
चारशे वीस आता तीनशे अठरा झालंय."
पाच हजार प्रश्न, मागे उत्तरं,
साडेआठशे रुपये.

मी जुनं उचललं. आत पेन्सिलीच्या खुणा
कुणा दी. बा. आवटीच्या.
पर्यायापर्यायाशी घुटमळलेला:
आधी 'ब', मग खोडून 'क',
समासात बारीक अक्षरात, घाई केलीस.
दोनशे बाराव्या पानापर्यंत असंच.
मुदतीच्या कायद्याच्या ऐन मध्यावर
पेन्सिल थांबलेली. पुढे सगळं कोरं.

पास झाला असेल? कंटाळला?
की मिरजेला नोकरी लागली?
वरीलपैकी सर्व.
वरीलपैकी एकही नाही.

"फौजदारी भाग जुना आहे, सांगून ठेवतो."
"करार तोच ना? मुदत?"
"मुदत तीच."

एकशे वीस दिले.
वय त्रेचाळीस. सनद तात्पुरती, दोन वर्षांची,
त्यातले चौदा महिने गेलेले.

विश्रामबागच्या बसमध्ये पेन्सिलीला टोक केलं.
दोनशे तेरावं पान, पहिलाच प्रश्न:
'ड', छे, 'अ'.
बस खड्ड्यातून गेली, रेघ वाकडी झाली.
समासात मी त्याचंच वाक्य लिहिलं.